चिखलावर चालणारा मासा : निवटी

परिसर अभ्यासाच्या तासाला सजीवांचे निवारे शिकविताना बहुतेक वर्गांत एक वाक्य फळ्यावर येतेच : ‘मासा पाण्यात राहतो, कल्ल्यांनी श्वास घेतो आणि पाण्याबाहेर काढल्यास मरतो.’ वाक्य सुटसुटीत आहे, मुलांच्या तोंडी चटकन बसते, आणि त्यावर प्रश्न काढणेही सोपे जाते. प्रस्तुत लेखकाने हेच वाक्य अनेक वर्षे शिकविले. पेठ तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत चाचणीचे कागद तपासताना ‘मासा पाण्याबाहेर जगू शकत नाही : चूक की बरोबर?’ ह्या प्रश्नापुढे एका मुलाने ‘चूक’ असे लिहिलेले आढळले. त्यावर तांबड्या शाईची फुली मारण्यात आली. मुलगा कागद घेऊन टेबलापाशी आला व म्हणाला, “गुरुजी, आबांनी रात्री आणलेली मरळ सकाळीबी जित्ती होती.” त्याला जागेवर बसविण्यात आले. पुस्तकातील उत्तर तेवढेच बरोबर, असा त्या वेळी आमचा समज होता.

ती फुली चुकीची होती, हे कळावयास खाडीचा काठ पाहावा लागला. पुढे काही वर्षांनी कामानिमित्त ठाण्यास जाणे झाले असता ओहोटीच्या वेळी खाडीकाठी उभे राहण्याचा योग आला. पाणी दूर सरकले होते, आणि मागे राहिलेल्या काळ्याभोर चिखलावर काही तरी टुणटुण उडत होते. प्रथम बेडकांची पिले असावीत असे वाटले. निरखून पाहिले तेव्हा शेपटी दिसली, पाठीवरचे पर दिसले, आणि ते सारे मासेच आहेत अशी खात्री पटली. काही चिखलावर सरपटत होते, काही परस्परांपुढे पाठीचा पर निशाणासारखा उभारून भांडत होते, तर काही नुसतेच डोळे वटारून उन्हात बसले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका कोळी बांधवाने सांगितले, “ही निवटी. पकडायला हात चपळ लागतो.”

हाच आजच्या पाठाचा विषय. निवटी हा कांदळवनाच्या चिखलात राहणारा मासा असून तो दिवसाचा बराच भाग पाण्याबाहेर काढतो. ठाणे, रायगड ह्या बाजूंस त्याला निवटी किंवा निवटा म्हणतात. गुजरातच्या किनाऱ्यावर लेवटा हे नाव आहे. गोबी नावाच्या मोठ्या मत्स्यगटातील हा प्राणी होय. त्याच्या तीसहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत, व त्या आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून अरबस्थान, भारत, मलाया, जपान व ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा येथपर्यंत पसरल्या आहेत. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मात्र तिवराची झाडे असूनही निवटी नाही. मुंबईच्या आसपास जी जात विपुल आढळते, तिच्या शास्त्रीय नावात द्युसुमिए ह्या फ्रेंच प्रवाशाचे नाव गुंफलेले आहे. त्याने एकोणिसाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावरून पुष्कळ मासे जमवून पॅरिसला नेले होते.

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही. तेव्हा हा पाठ येथे कशाला, असा प्रश्न कोणी शिक्षकबंधू विचारतील. परंतु आपल्या जिल्ह्याचे पाणी कोठे जाते हे पाहिले असता ह्या प्रश्नाचे उत्तर मिळते. त्र्यंबकच्या परिसरातील डोंगरांवर पडणारा पाऊस दोन दिशांना वाहतो. पश्चिमेकडचे पाणी वैतरणेने अरबी समुद्राकडे जाते, आणि अर्नाळा व दातिवरे ह्यांच्या दरम्यान खाडीतून समुद्रास मिळते. पेठ-सुरगाण्याकडील दमणगंगा, पार, नार ह्या नद्याही पश्चिमवाहिनीच. पूर्वेकडचे पाणी गोदावरीचे. ब्रह्मगिरीवर उगम पावून ती १,४६५ किलोमीटर वाहते व आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीच्या पुढे फाटे फुटून बंगालच्या उपसागरास मिळते. आपण नाशिककर गोदावरीला गौतमी म्हणतो. गंमत अशी की, तिकडे मुखाजवळच्या एका मोठ्या फाट्याचे नावही गौतमीच आहे. ह्याच गौतमीच्या पाण्यावर काकिनाड्याजवळचे कोरिंगा येथील कांदळवन पोसले गेले आहे. १९७८ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. वैतरणेची खाडी काय आणि कोरिंगा काय, दोन्हीकडे चिखल आहे, तिवरे आहेत, आणि निवटीच्या जातीही आहेत. एकाच डोंगराच्या दोन उतारांवरचे पाणी दोन समुद्रांच्या काठी एकाच कुळातील माशाला भेटते, हे नकाशावर बोट ठेवून दाखविले म्हणजे मुलांना त्याची गोडी वाटते असा अनुभव आहे.

कांदळवन म्हणजे काय, हे आपल्या मुलांस आधी समजावून द्यावे लागेल, कारण डोंगराळ भागातील मुलाच्या डोळ्यांपुढे ‘वन’ म्हटले की साग व ऐन उभे राहतात. समुद्राचे पाणी दिवसातून दोन वेळा चढते व दोन वेळा उतरते. मुंबईकडे उधाणाच्या वेळी हा चढउतार साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, म्हणजे आपल्या कौलारू शाळेच्या आढ्याएवढा. भांगाच्या दिवसांत तो पुष्कळच कमी असतो. जेथे नदीचे गोडे पाणी व समुद्राचे खारे पाणी मिसळते आणि गाळ साचतो, तेथे तिवर, कांदळ, चिप्पी अशी झाडे वाढतात. चिखलात हवा जवळजवळ नसतेच. म्हणून तिवराच्या मुळ्या पेन्सिली रोवाव्यात तशा जमिनीतून वर येतात व हवा घेतात. कांदळ आपल्या खोडापासून कमानीसारखी आधारमुळे सोडतो. तिवराच्या पानावर बोट फिरविले तर मिठाचे कण लागतात, कारण ते झाड जादा मीठ पानावाटे बाहेर टाकते. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान दिला आहे.

अशा जागी राहणाऱ्या प्राण्यापुढे अडचण कोणती, ते मुलांनाच विचारावे. सहा तास पाणी आणि सहा तास कोरडे. पाण्यातल्या माशाने ओहोटीबरोबर खोल पाण्यात निघून जावे, हा एक मार्ग. बहुतेक मासे तो पत्करतात. निवटी मागे राहते. मागे राहण्यात तिचा लाभ आहे. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर असतो, आणि त्या वेळी तो खावयास दुसरा मासा तेथे नसतो. मात्र त्यासाठी तिला श्वास, डोळे, चाल व संतती ह्या चारही बाबतींत वेगळी सोय करावी लागली आहे.

प्रथम श्वासाविषयी. सामान्य माशाचे कल्ले पाण्यात पिसाप्रमाणे पसरतात. हवेत ते एकमेकांस चिकटतात, श्वास घेण्याचा पृष्ठभाग नाहीसा होतो आणि मासा गुदमरतो. निवटी आपल्या कल्ल्यांच्या पोकळीत पाणी व हवा भरून घेते आणि झाकणे घट्ट मिटते. म्हणून तिचे गाल फुगलेले दिसतात. ह्याखेरीज तोंडाच्या व घशाच्या आतील अस्तरातून आणि अंगावरच्या पातळ कातडीतूनही ती हवेतील प्राणवायू घेते. ही कातडी ओली असेपर्यंतच हे काम चालते. त्यामुळे निवटी मधूनमधून डबक्यात बुडी मारते, नाही तर चिखलात कुशीवर लोळते. आम्ही पाहिले तेव्हा हे लोळणे खेळ वाटले होते. तो खेळ नव्हता.

डोळ्यांची व्यवस्था याहून मौजेची आहे. ते डोक्याच्या अगदी माथ्यावर बेडकासारखे उंच असतात. माशांना पापण्या नसतात, कारण पाण्यात डोळा सुकत नाही. निवटीला ती सोय नाही. तिने डोळा मिटावयाचा म्हणजे तो खोबणीत खाली ओढून घ्यावयाचा. खालची कातडी वाटीसारखी वर येऊन त्यावरून फिरते व डोळा ओला करून सोडते. २०२३ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ह्या डोळे मिचकावण्याचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. आपण ज्या कारणांसाठी पापणी लववितो, म्हणजे डोळा ओला ठेवणे, त्यातील कचरा पुसणे व त्यास इजेपासून जपणे, त्याच कारणांसाठी निवटीही डोळे मिचकावते, असे त्यांना दिसून आले. अश्रूंची ग्रंथी मात्र तिला नाही.

चालताना ती छातीजवळच्या दोन परांचा उपयोग करते. हे पर बुडाशी मांसल असून त्यांत कोपरासारखा सांधा असतो. दोन्ही पर एकदम पुढे टाकावयाचे, त्यांवर अंग उचलावयाचे आणि पुढे ओढावयाचे. कुबड्या घेतलेला मनुष्य चालतो तशीच ही रीत. घाई असल्यास शेपटी वाकवून तिच्या झटक्याने ती उडी घेते. लहान, बोटभर आकाराच्या काही जाती पोटाजवळच्या परांनी चिकटून तिवराच्या मुळ्यांवर व खोडावरही चढतात. आपल्याकडे विपुल असलेली जात वीतभर वाढते. ती चढत नाही, चिखलावरच राहते.

अन्नाच्या बाबतीत सर्व जाती सारख्या नाहीत, हे सांगणे आवश्यक आहे. नाही तर एका पाठांतराच्या जागी दुसरे पाठांतर येईल. मुंबईकडील निवटी मुख्यतः डायाटम नावाचे एकपेशीय शैवाल खाते. मान डावी-उजवीकडे हलवीत ती चिखलाचा वरचा पापुद्रा दातांनी खरवडते. शेतकरी वखर धरतो तसे ते दृश्य दिसते. ह्या जातीच्या आहाराविषयी मुत्सद्दी व बाळ ह्या संशोधकांचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९६९ साली आला होता. लहान जाती मात्र मांसाहारी असून किडे व बारीक खेकडे पकडतात. कोरड्या जागी भक्ष्य गिळावे कसे, हाही प्रश्नच. कारण मासा पाण्याच्या ओढीनेच घास आत घेतो आणि त्याला आपल्यासारखी जीभ नसते. आफ्रिकेतील एका जातीवर बेल्जियममधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, तो मासा तोंडात पाणी धरून ठेवतो, भक्ष्याजवळ जाताच ते पुढे आणतो व घासासह परत ओढून घेतो. पाण्याचीच जीभ झाली म्हणावयाचे!

परंतु ह्या प्राण्याचे खरे कौशल्य पाहावयाचे तर ते बिळात. निवटी चिखल तोंडात भरून बाहेर टाकीत बीळ खणते. शत्रूपासून लपण्यासाठी, भर उन्हातून सुटण्यासाठी व अंडी घालण्यासाठी त्याचा उपयोग होतो. पण बिळातले पाणी प्राणवायूविना जवळजवळ मृत असते. खणलेल्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्यावरून ते कळते. अशा ठिकाणी अंडी जगतात कशी? जपानमधील नागासाकी विद्यापीठाचे इशिमात्सु व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या कोड्याचा माग काढला. १९९८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, निवटी बाहेरची हवा तोंडात भरून बिळात नेते व तेथे सोडते. बिळाच्या एका उंच कप्प्यात ही हवा कोंडून राहते. त्या कप्प्याच्या छताला अंडी चिकटविलेली असतात; म्हणजे माशाची अंडी पाण्यात नव्हे, तर हवेत वाढतात. ओहोटी असेतो नर पुनःपुन्हा वर येऊन हवेचे घोट आत नेतो.

२००७ मध्ये त्याच संशोधकांनी जपानी निवटीविषयी पुढचा भाग सांगितला. पिले तयार झाली म्हणजे त्यांना बाहेर पडावयास पाणी लागते. तेव्हा रात्रीच्या भरतीच्या वेळी नर उलट काम सुरू करतो. कप्प्यातील हवा तोंडात भरून तो बिळाबाहेर नेऊन सोडतो, असे घोटाघोटाने हवा काढून टाकतो; पाणी वर चढते, अंडी बुडतात व फुटतात, आणि पिले भरतीच्या पाण्याबरोबर निघून जातात. जो नर इतके दिवस हवा आत वाहत होता, तोच त्या एका रात्री ती बाहेर वाहतो. हा प्रसंग वर्गात सांगताना घाई करू नये. मुले येथे हमखास विचारतात, “त्याला कसं कळतं?” त्यांना भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर मांडून द्याव्यात, भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते हेही सांगावे, आणि पिलांना भरतीच का हवी ह्याचा विचार त्यांच्यावरच सोपवावा.

सहावी-सातवीच्या वर्गांत एक चूक टाळली पाहिजे. निवटीचे चित्र दाखवून ‘ह्याच माशापासून पुढे बेडूक व जमिनीवरचे प्राणी झाले’ असे सांगण्याचा मोह होतो. ते खरे नव्हे. जमिनीवर येणाऱ्या प्राण्यांचे पूर्वज सुमारे सदतीस कोटी वर्षांपूर्वीचे; त्यांच्या जवळचा टिकटालिक नावाचा मासा उत्तर कॅनडात २००४ साली जीवाश्मरूपाने सापडला. निवटीचे कूळ त्या मानाने अलीकडचे व निराळे आहे. तिने जमिनीचा मार्ग स्वतंत्रपणे धरला. ती अर्धी मासा व अर्धी बेडूक नाही; ती पूर्ण मासाच आहे.

आता ह्या चिखलाच्या आजच्या स्थितीविषयी थोडे. खाडीकाठचे लोक बिळात हात घालून निवट्या पकडतात व त्यांचे कालवण करतात. कोळी व आगरी कुटुंबांत हे आवडीचे अन्न आहे. मुंबई-ठाण्याच्या परिसरात भराव, सांडपाणी व प्लास्टिक ह्यांनी खाडीचा पुष्कळ भाग बिघडला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवने तोडण्यास मनाई केली, २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, आणि २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीचा रामसर यादीत समावेश झाला. त्याच यादीत महाराष्ट्रातील पहिले स्थान २०२० साली मिळाले ते आपल्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ झाले कसे? गोदावरीवर बंधारा घातला, त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साठला, उथळ पाणी व बेटे तयार झाली आणि पक्षी आले. तो गाळ आपल्याच शेतांतला व डोंगरांतला. पुढे पैठणजवळ जायकवाडी आहे, त्यापुढे आणखी धरणे आहेत, आणि राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा. रामकुंडात सोडलेली पणती काही कोरिंगास पोहोचत नाही, आणि गाळही पूर्वीइतका पोहोचत नाही. गाळ अडला म्हणजे मुखाकडे नवी चिखलजमीन घडण्याचे काम मंदावते. आपल्याकडे पक्ष्यांना जागा झाली, आणि नदीच्या दुसऱ्या टोकाला निवटीची जागा घडविणारा गाळ घटला. धरणे नसती तर आपली शेती कोठे असती, हेही तितकेच खरे. मुलांपुढे ही दोन्ही माप ठेवावीत; निकाल देण्याची घाई शिक्षकाने करू नये.

निवटी वर्गात आणून दाखविणे आपल्याला शक्य नाही. तथापि हवेत श्वास घेणारा मासा आपल्या जिल्ह्यात आहे, आणि ज्या मुलाच्या कागदावर फुली मारली गेली त्याला तो ठाऊक होता. मरळ गोदावरीच्या डोहांत, तळ्यांत व भातखाचरांच्या ओहोळांत मिळते. तिच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते व तीतून ती हवा घेते. तिला पृष्ठभागावर येऊच दिले नाही, तर ती पाण्यात असूनही गुदमरते. मांगूर ह्या माशासही हवेत श्वास घेण्याची अशीच, पण वेगळ्या घडणीची सोय आहे.

एखाद्या पालकाकडून जिवंत मरळ मिळाल्यास ती पाण्याने भरलेल्या मोठ्या बादलीत ठेवावी व बादलीवर जाळी बांधावी, कारण ती उडी मारून बाहेर पडते. मुलांनी पाळीपाळीने दहा-दहा मिनिटे बसून ती किती वेळा वर येते ते मोजावे. शेजारच्या बादलीत एखादा लहान रोहू ठेवून त्याचीही नोंद करावी. सकाळची व दुपारची नोंद वेगळी लिहावी, म्हणजे पाणी तापल्यावर आकडा बदलतो की काय, हे मुलांनाच दिसेल. तिसरी-चौथीस एवढे पुरे. वरच्या वर्गांनी त्याचा आलेख काढावा. मरळ पाण्याबाहेर किती वेळ जगते हे पाहण्याचा खटाटोप मात्र वर्गात करू नये. चाचणीत ‘चूक की बरोबर’ असा प्रश्न न घालता ‘पाण्याबाहेर काही काळ जगू शकणाऱ्या एका माशाचे नाव लिहा व तो श्वास कसा घेतो ते सांगा’ असा प्रश्न घालावा. रोहू त्याच दिवशी तळ्यात परत सोडावा. मरळही ज्या डोहातून आणली तेथेच सोडावी. डोह लांब असल्यास बादली वाहण्याची गरज नाही. ओल्या फडक्यात सैलसर गुंडाळून, फडके वाटेत भिजवीत नेले तरी ती जिवंत पोहोचते.